दक्षिण टोकाचा फोटोग्राफर

गजेंद्रदादा देवळीत दोर विकतो. दोर, सुतळी, ताडपत्री, शेतावर टाकायची हिरवी जाळी. बस स्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला तिसरं दुकान. गल्ल्यावर त्याचे वडील नानाजी बसतात. दादाचं वय सेहेचाळीस. माझं पंचवीस. एम.ए.चा निकाल लागल्यावर मी रोज दुपारी त्याच्याकडे पेपर वाचायला जाऊ लागलो आणि तशी मैत्री झाली. तो मला 'साहित्यिक' म्हणतो. सगळ्यांसमोर म्हणतो.

तो विमानांचे फोटो काढतो हे मला वर्षभर माहीत नव्हतं. एकदा गिऱ्हाइकाला मोठी ताडपत्री हवी होती. ती काढायला मी त्याच्यासोबत मागच्या गोदामात गेलो. ताडपत्रीचा गठ्ठा सरकवला आणि मागची भिंत दिसली.

भिंतीवर लढाऊ विमानं होती. एक उलटं उडत होतं. एकाच्या पंखांवर ढगाचा पातळ पदर चढला होता. एका हेलिकॉप्टरच्या खिडकीत वैमानिकाचा पांढरा हातमोजा दिसत होता.

"कोणी काढले?"

"मी."

"केव्हा?"

"साहित्यिक, ताडपत्री पकडा. गिऱ्हाईक उभं हाये."

पुढे त्याने तुकड्यातुकड्यात सांगितलं. तो आधी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे फोटो काढायचा. बैलजोडी सुटते आणि काही सेकंदांत पट संपतो. तेवढ्यात फोटो मिळाला तर मिळाला. जोडीच्या मालकाला बैलाचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले हवे असतात, आणि बैलाचं तोंड स्पष्ट हवं असतं. दादा हे कोणाकडून शिकला नाही. खराब फोटो बघून बघून शिकला.

"बैलाच्या मांगं कॅमेरा पळवू नको," तो मला म्हणाला. "बैलासंगं कंबर फिरव. अन् बटन दाबल्यावर थांबू नको. तू थांबला का फोटो हालला."

मग पट बंद झाले. कोर्टाचा निकाल आला. कित्येक वर्षं एकही जोडी पळाली नाही. कॅमेरा कपाटात राहिला. त्या काळात कोणीतरी त्याला नागपूरच्या एअर शोबद्दल सांगितलं. तो गेला.

पहिल्या वर्षी त्याने एक चूक केली. तशी चूक पटावरचाच माणूस करू शकतो. पटावर फोटोग्राफर शेवटच्या रेषेपाशी उभा राहतो, कारण निकाल तिथे लागतो. दादा पहाटे सर्वांच्या आधी पोहोचला आणि मैदानाच्या पार दक्षिण टोकाला जाऊन उभा राहिला. एवढी चांगली जागा रिकामी कशी, याचं त्याला नवल वाटलं. शो सुरू झाल्यावर कारण कळलं. विमानांच्या साऱ्या कसरती मैदानाच्या मध्यावर होतात. पाहुण्यांचा मंडप तिथे असतो. दादाला विमानांच्या शेपट्या मिळाल्या. एकशे साठ शेपट्या.

पण हेलिकॉप्टरं त्याच टोकापलीकडून उठत होती. त्यांचे फोटो त्याने भरपूर काढले. घरी येऊन पाहिले तर सगळ्यांचे पंखे थांबलेले. कॅमेऱ्याचा वेग जास्त ठेवला होता, म्हणून फिरतं पातं जागच्या जागी गोठलं होतं. हेलिकॉप्टर खेळण्यासारखं हवेत लटकलेलं.

"पंखा थांबला म्हंजे पडलंच ना ते," दादा म्हणाला. "मीच पाडलं. चार पाडले त्या दिवशी."

पुढच्या वर्षी त्याने वेग कमी ठेवला आणि कंबर फिरवली. पातं फिरत राहिलं, वैमानिक मात्र स्थिर आला. तो फोटो मी भिंतीवर पाहिला होता. हातमोजावाला.

नानाजींना यातलं काही पटत नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर ते सांगायचे, "पोरगं बह्याड झालं माहं. आभाळाचे फोटो काढते. आभाळ का अल्बम मागाले येते?" दादा हसायचा आणि दोर मोजत राहायचा.

एक फोटो मात्र त्याला सहा वर्षांत मिळाला नव्हता. दोन विमानं समोरासमोरून येतात. आता आदळणार असं वाटतं. मध्यावर एकमेकांना छेदून निघून जातात. त्या क्षणाचा फोटो. दादाकडे अलीकडचा होता, पलीकडचा होता, नुसत्या धुराचाही होता. नेमका तो नव्हता. मागच्या वर्षी त्याचा एक फोटो नागपूरच्या एका प्रदर्शनात लागला आणि त्यामुळे यंदा त्याला फोटोग्राफरांच्या मंचाचा पास मिळाला. मंच बरोबर मध्यावर होता.

पास आला त्याच्या चार दिवस आधी कुंताबाई येऊन गेल्या होत्या.

कुंताबाई नालवाडीच्या. घरची वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन देवळीच्या आठवडी बाजारात येतात आणि दादाच्या दुकानासमोरच्या ताडपत्रीखाली बसतात. त्यांची मुलगी आचल दोन वर्षांपूर्वी हवाई दलात भरती झाली. नालवाडीतून तिथे गेलेली आम्हाला माहीत असलेली ती पहिलीच मुलगी.

"गजूभाऊ, आचल येऊन राह्यली नागपूरले. हेलिकॉप्टरवाल्याइसंगं."

"घरी येते का मंग?"

"नाई ना. डुटी हाये. तुमी जाता ना त्या विमानाच्या जत्रेत?"

"जत्रा नाई काकू. एअर शो."

"तेच ते. तिचा एक फोटो काढून आना. वर्दीतला हाये माह्यापाशी. पन त्यात नुसती उभी हाये. ती करते काय, ते दाखवा मले."

बाजूला मंजुषाबाईंचं टमाट्यांचं दुकान होतं. त्या म्हणाल्या, "काय करंन वो? हेलिकॉप्टर पुसाले ठेवलं असंन तुह्या पोट्टीले."

सगळे हसले. कुंताबाईही हसल्या. पण त्यांनी हातातली मेथीची जुडी उगाचच सोडून पुन्हा बांधली. मुलगी तिथे काय करते हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. फोनवर ती 'ग्राउंडवर असते' एवढंच सांगायची.

"आनतो फोटो," दादा म्हणाला.

आणि मग पास आला. मंचावरून मैदानाचं दक्षिण टोक दिसत नाही. मध्ये मंडप येतो. शो एकाच दिवसाचा.

"आचलचा फोटो दुसऱ्या कोणाला सांगू," मी म्हणालो.

"कोनाले? तिथं सारे आभाळाकडं पायतेत."

तिसऱ्या दिवशी पास पाकिटात घालताना म्हणाला, "काकूलेच घेऊन जाऊ. टोकाले."

आम्ही वर्ध्याहून सकाळच्या गाडीने निघालो. कुंताबाईंनी भाचीच्या लग्नातली साडी नेसली होती. दादाच्या पाठीवर ताडपत्रीची पिशवी होती. लांब लेन्सला मापाची पिशवी मिळेना, म्हणून त्याने स्वतःच शिवलेली. मैदानावर पोहोचल्यावर त्याने लोकांना अडवायला बांधलेला दोर आधी चाचपून पाहिला. "सुती हाये," तो म्हणाला. "ढिल्ला बांधला."

समोर, बऱ्याच लांब, चार हेलिकॉप्टरं उभी होती. त्यांच्याभोवती निळ्या कपड्यांतली माणसं हलत होती. साध्या डोळ्यांनी कोण बाई, कोण पुरुष, काही कळत नव्हतं. दादाने कॅमेरा सोबत आणलेल्या लोखंडी दांड्यावर चढवला आणि डोळ्याला लावला.

"सापडली," तो म्हणाला.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून सूचना झाली. आकाशातल्या कसरतींचे फोटो काढावेत. जमिनीवर उभी असलेली विमानं, हेलिकॉप्टरं आणि तिथे काम करणारे कर्मचारी यांचे काढू नयेत. दोरापलीकडच्या जवानानेही हाताने तेच सांगितलं आणि पुढे गेला.

दादाचं बोट बटणावर होतं. ते तिथून उचललं गेलं.

मी हळूच म्हणालो, "काढ ना. एकच. कोण पाहतंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिचीच नोकरी हाये तिथं," तो म्हणाला.

मग त्याने कॅमेऱ्याचं छोटं झाकण उघडलं. कार्ड बाहेर काढलं. शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. दांडा कुंताबाईंच्या उंचीला खाली केला.

"काकू, फोटो नाई काढता येत. पन पाहाले मनाई नाई. या काचेतून पाहा."

"गवतच दिसते."

त्याने लेन्स थोडी वळवली. "आता?"

कुंताबाईंनी दुसरा डोळा हाताने झाकला. बराच वेळ गेला. पहिल्या हेलिकॉप्टरचा पंखा फिरू लागला. धूळ उठली.

"कानाले टोप लावला तिनं," त्या म्हणाल्या. "समोर उभी राह्यली. एकटीच. बाकीचे मांगं गेले. अवो, सरक ना बाई, पंखा हाये तो!"

"लांब हाये ती. दिसते तेवढी जवळ नाई."

"दोनी हात आडवे केले. आता वर करून राह्यली. वर... मायबाई! उठलं! हात वर केले अन् थे उठलं! तिच्या हातानं उठलं, गजूभाऊ!"

त्यांच्या बोटाखाली कॅमेरा खटखट वाजला. त्या दचकल्या. "निंगाला का फोटो?"

"नाई काकू. कार्ड माह्या खिशात हाये."

"मंग दाबू काऊन देता मले?"

"दाबा. आज तुमचाच कॅमेरा."

चारही हेलिकॉप्टरं आचलच्या हातांवर उठली. आभाळात ती मोराच्या पिसाऱ्यासारखी फाकली. भोवतीची गर्दी ओरडत होती. कुंताबाई जमिनीकडेच पाहत होत्या. हेलिकॉप्टरं परत येईपर्यंत आचल रिकाम्या जागेसमोर ताठ उभी होती आणि तिची आई तिला उभं राहिलेलं पाहत होती.

मग लढाऊ विमानांची पाळी आली. निवेदकाने सांगितलं, आता दोन विमानं समोरासमोर येतील. मी दादाकडे पाहिलं. वेळ होता. कार्ड घालायला पाच सेकंद पुरली असती. कॅमेरा मागितला असता तर कुंताबाईंनी लगेच दिला असता. दादाचा हात खिशाकडे गेला. बटण लावलेलं आहे ना, एवढंच त्याने पाहिलं. आणि कमरेवर हात ठेवून मान वर केली.

उत्तरेकडून एक आलं. आमच्या डोक्यावरून दुसरं गेलं. मध्यावर दोन्ही एक झाली आणि वेगळी झाली. आवाज नंतर आला.

परतीच्या गाडीत मी त्याला विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"सहा वर्षं तिथं जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "डोया नेहमी काचेत. आज पहिल्यांदा पूर्ण पायलं."

"कसं होतं?"

"लय जोरात गेले." थोड्या वेळाने म्हणाला, "बैलाइपेक्षा."

मी साहित्य शिकलो. त्यागावर, निष्ठेवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली. त्या गाडीत मला एक वाक्य सुचलं नाही. पलीकडच्या बाकावर कुंताबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या की हेलिकॉप्टर वैमानिक चालवते, पण उठवते खालचा माणूस. दादा खिडकीबाहेर पाहत होता. खिशाचं बटण अजून लावलेलं होतं.

पुढच्या आठवडी बाजारात मंजुषाबाईंनी विचारलंच. "दाखव वो फोटो."

"फोटो काढू देत नाईत तिथं," कुंताबाई म्हणाल्या. "लय मोठं काम असते ते."

मंजुषाबाईंनी टमाटे रचले.

दुपारी बंडूजी फुलकोबीचा टेम्पो मागे घेत गल्लीत शिरला. एरवी सगळे 'येऊ दे, येऊ दे' ओरडतात. त्या दिवशी कुंताबाई उठल्या. पदर खोचला. टेम्पोच्या मागे मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात आडवे पसरले.

बंडूजीने खिडकीतून मान काढली. "काकू, येऊ का थांबू?"

"हात आडवे म्हंजे थांब! हेलिकॉप्टरवाल्याले समजते, तुले काऊन नाई समजत?"

"मी का आता टेम्पो उडवू काय?"

"थांब मनलं ना तुले!"

बाजार हसला. मंजुषाबाई सगळ्यांत मोठ्याने. कुंताबाईंचे हात तसेच पसरलेले होते. दादाने काउंटरखालून कॅमेरा काढला. गल्ल्यावरून नानाजी जवळजवळ ओरडले, "काढ लवकर! हात खाली घेईन ते!"

दादाने काढला. या फोटोला कोणाची मनाई नव्हती. दुकानातूनच त्याने तो आचलला पाठवला. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. कुंताबाई टोपल्या आवरत होत्या. दादाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"माय, तळहात सरळ ठेवजो."