सगळी विमानं परत आली, दाजी सोडून

आमच्या घरात कुणी विमान जवळून बघितलेलं नव्हतं, तरी आमच्याकडं रोज विमानं मोजली जायची.

एकाहत्तरच्या लढाईत अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिओला कान लावून बसायचे. बातम्यांत 'हमारे सभी विमान सुरक्षित लौट आए' आलं, की मगच जेवायला उठायचे. (ज्या दिवशी हे वाक्य यायचं नाही, त्या दिवशी आईच्या भाकरी गार!) लढाई संपली, वाक्य घरातच राहिलं. संध्याकाळी सगळी माणसं घरी आली की अण्णा तेच म्हणायचे, अन् मग ताटं वाढली जायची. आज अण्णा न्हाईत, अन् दिवेलागणीला ते वाक्य ऐकावंसं लय वाटतं.

तर आक्काच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. वालूरहून दाजी आलेले. गंगाखेडला गोदावरीत आंघोळ, मग सोनपेठला घरी येऊन धोंड्याचं जेवण, असा बेत. माणसं नऊ. परत निघताना अण्णा मला म्हणाले, "तू आता कॉलेजात हायस. मोजणी तू कर." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

नामांतराच्या मोर्च्यामुळं एस.टी.च्या दोन गाड्या रद्द झालेल्या. तिसरीला ही झुंबड. मी दाजींची टोपी घेऊन खिडकीतून आत शिरलो, पुढच्या सीटच्या पाठीवर ती अडकवली अन् जावयाची जागा धरली. म्हाताऱ्या बाया उभ्या राहिल्या, पण जावयाची जागा म्हटल्यावर तिथं कुणी टेकलं न्हाई. गर्दीच्या रेट्यानं मी पार मागं गेलो. टाचा उंचावून मोजलं: मला धरून आठ, अन् पुढं टोपी दिसतीय म्हणजे दाजी बसलेच, नऊ. झोकात ओरडलो, "सभी विमान सुरक्षित लौट आए!" कंडक्टरनं घंटी मारली.

सोनपेठला टोपी उतरली, दाजी न्हाई. आक्का स्टँडवरच रडायला लागली. दाजी तसेच रुसून वालूरला गेले तर परत ह्या दारात पाऊल ठेवायचे न्हाईत, असं आई घोकत राहिली. अण्णा गंगाखेडच्या रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. (ओरडले असते तर बरं वाटलं असतं.) पुढच्या गाडीपर्यंत आमी सगळे उपाशी उभे.

त्या गाडीतून दाजी उतरले. डोकं बोडकं, अन् हातात माझ्या चपला! मी खिडकीतून शिरताना त्या खाली पडलेल्या. बिचारे वाकून त्या शोधायलेत, तेवढ्यात गाडी हललेली. मी अनवाणी हाय, हे मला तिथं कळलं.

चपला घ्यायला मी हात पुढं केला. दाजींनी त्या अण्णांच्या हातात दिल्या अन् शांतपणे म्हणाले, "मामा, आधी तुमालाच लागतील ह्या."

अण्णा हसले, आक्का हसली, मिरवणुकीसारखे सगळे घरी गेले. धोंडे फार सुरेख झालेले. मी उभ्यानंच खाल्ले.