बाईंना दाखवलेला घाट

माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी धरून रिमांड होममध्ये नेलं, तेव्हा मला त्याची दया यायला हवी होती. आला तो संताप. तो बारा वर्षांचा, मी तेराची. पंचवटीत एका खोलीत आम्ही राहायचो. वडील घोटीच्या भातगिरणीत कामाला, शनिवारी यायचे. आई घरी विड्या वळायची आणि शाळा सुटली की मी तिच्याशेजारी बसून पानं कापायची. भाऊ मात्र दप्तर फेकून थेट घाटावर. यात्रेकरू गोदावरीत नाणी टाकत, ती पोरं बुड्या मारून काढत. तो ओल्या डोक्याने घरी आला की आई तोंडाने शिव्या द्यायची आणि हाताने त्याचं डोकं पुसायची. माझं डोकं तिने कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

पुढे तो मोठ्या पोरांबरोबर, स्नानाला उतरलेल्या लोकांच्या कपड्यांजवळ घुटमळायला लागला. एका यात्रेकरूची पिशवी पळवली गेली. मोठे पळाले, हा सापडला.

मग घरात दुसरा विषयच उरला नाही. आई ताटावर बसायची आणि उठायची. "माझं लेकरू तिथं काय खात आसंल," म्हणायची. मी समोर बसून जेवतेय, हे तिला दिसायचं नाही.

त्यात त्या बाई आल्या. रिमांड होमच्या प्रोबेशन ऑफिसर. भावाला घरी सोडायचं की लांबच्या संस्थेत ठेवायचं, हे कोर्ट त्यांचा अहवाल वाचून ठरवणार होतं. शिवाय मुलं गुन्ह्याकडे का वळतात, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे मुलगा: स्वभाव, शाळा, आजारपण. उजवीकडे त्याच्या भोवतीचं: घर, गल्ली, सोबती, घाट. मग इकडचं तिकडे जोडणाऱ्या तिरक्या रेघा. "नुसता मुलगा वाईट नसतो आणि नुसती जागाही वाईट नसते," त्या आईला म्हणाल्या. "दोघांची गाठ कुठे पडते, ते मला शोधायचंय."

आईला त्यातलं काही कळलं नसावं. ती विड्या वळत, डोळे पुसत सांगत राहिली. तो पायाळू जन्मला, त्याला गोवर झाला तेव्हा ती कशी जागली, त्याला शिरा कसा आवडतो. दोन तास! मी चहा द्यायच्या निमित्ताने वाकून वहीत बघितलं. माझी एकच ओळ होती. बहीण एक, शाळेत जाते.

बस्स. वर्गात माझा नंबर कितवा, मला काय आवडतं, कुणी विचारलं नाही. चांगलं वागण्याचं हे बक्षीस. चोरी केली असती तर माझ्याही गोवराची नोंद झाली असती.

बाईंना तो घाटावर कुठे बसायचा, कुणाबरोबर असायचा, ते पाहायचं होतं. आईला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. घाट पाच मिनिटांवर, पण मला एकटीला तिकडे कधी जाऊ दिलेलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "चला, मी दाखवते. मला सगळं माहितीय."

मी बाईंना एक पायरी दाखवली. कुठलीशी. म्हटलं, इथे बसायचा. बाईंनी लिहिलं. मग म्हटलं, इथूनच तो बाकीच्यांना सांगायचा, कुणी काय उचलायचं ते. बाईंचं पेन पळायला लागलं. त्यांनी मला भेळ घेऊन दिली. आपण बोलावं आणि शिकल्यासवरल्या बाईने लिहून घ्यावं, हे सुख मला नवं होतं. मी बोलतच सुटले. मोठी पोरंही त्यालाच घाबरतात म्हणाले. घरी कोंडलं तरी कौलांवरून पळतो म्हणाले. घाट जवळ आहे तोवर तो सुधारायचा नाही, हे तर मी अगदी मोठ्या बाईसारखं म्हणाले.

परतताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरातली. मग तू का नाही गं गेलीस त्या वाटेला?"

"मला घराबाहेर सोडतच नाहीत," मी म्हणाले.

बाई हसल्या. वही तेव्हा पिशवीत गेली होती. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

कोर्टात अहवाल वाचला गेला. मुलाला या परिसरापासून दूर ठेवणं गरजेचं आहे, असं त्यात होतं. तीन वर्षं. पायरीचा आणि कौलांचा उल्लेख आला, तेव्हा आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. तेव्हाही नाही आणि घरी आल्यावरही नाही.

तो सुटला तो घरी राहिलाच नाही. मालेगावला यंत्रमागावर कामाला लागला. अहवालात काय होतं ते त्याला कळलं होतं. आईनेच बाईंना सांगितलं, असं त्याने धरलं. बाई दोन तास आईशीच तर बोलल्या होत्या! भाऊबीजेला तो माझ्या सासरी यायचा. एकदा आई माझ्याकडे आलेली दिसली, तर दारातूनच परत गेला. तिने त्याच्यासाठी केलेला शिरा चुलीवर तसाच राहिला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तू त्याला खरं काय ते सांगत का नाहीस?"

आई पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "माझ्यावर रागावला तरी मी त्याची आईच हाय. तुझ्यावर रागावला तर तुला भाऊ नाय राहायचा."

तिने माझ्यासाठी काही केलेलं मला दिसत नव्हतं म्हणून मी आयुष्यभर जळले, आणि ती हे करत बसली होती. मी त्याला सांगेन, असं ठरवलं. पुढच्या भाऊबीजेला, मग त्याच्या पुढच्या. तेवढ्यात आई गेली. भावाने अग्नी दिला, पण रडला नाही.

त्या वर्षी मी त्याला ओवाळत होते, तेव्हा तो म्हणाला, "आक्का, त्या घरात माझं असं तूच एक होतीस."

मी गप्प राहिले. आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.