शाईची सुबक खूण

तीस वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या सिस्टरबाई आता घरोघर जाऊन शुश्रूषा करीत आणि रुग्णाआधी नातेवाइकांची नाडी पाहत. या घराची नाडी त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती: सगळे उंटावरचे शहाणे.

म्हातारे घड्याळजी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. गिळणे बंद. नाकातून पोटापर्यंत सोडलेल्या नळीवर पाच महिने जगत होते. इतके दिवस नाकातली नळी बरी नव्हे, पोटावरून थेट जठरात नळी बसवून घ्या, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. परंतु थोरले चिरंजीव, नकाशांच्या कचेरीतले आरेखक, बापाच्या पोटाला भोक पाडू न देण्याचा पण करून बसले होते. नाकपुडीला जखम झाली, नाकामागच्या पोकळीत पू साचून दुर्गंधी सुटली. पणाला काही तिचा वास येईना.

त्या सकाळी सिस्टरबाई तीन दिवसांनी आल्या, तो म्हाताऱ्यांना ताप, छातीत घरघर. सूनबाई पातळ अन्नाची पिचकारी भरून उभ्याच. सिस्टरबाईंनी ती खाली ठेवायला लावली आणि शिरस्त्याप्रमाणे नळीतून जठरातला रस ओढून पाहिला. थेंबही आला नाही. नळी किती आत आहे ते कळावे म्हणून नाकपुडीशी नळीवर केलेली शाईची खूण मात्र जागच्या जागी: बारीक, सरळ, सुबक. जरा जास्तच सुबक. त्यांनी चिकटपट्टी सोडवून नळी चाचपली. वीतभर अंतरावर, बाहेरच्या बाजूला, त्यांच्या स्वतःच्या हातची वाकडी खूण होती.

चिरंजीवांनी अभिमानाने खुलासा केला. खोकल्याने नळी सरकते, मग नाकाशी खूण राहत नाही. म्हणून ते दर वेळी नवी काढतात. फूटपट्टी लावून.

"तुम्ही खूण जागेवर आणलीत, साहेब. नळी नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "अन्न पोटात जातच नव्हतं. वरच्या वर उलटून छातीत उतरत होतं."

"पण सिस्टर, लोक म्हणतील, लेकानं बापाचं पोट फाडलं."

"आणि फुप्फुसं भरलीत, त्याला काय म्हणतील?"

आणि सिस्टरबाईंनी रुग्णवाहिका बोलावली.

न्यूमोनियाने अकरा दिवस घेतले. म्हाताऱ्यांना तेवढे सोडले. पोटावर नळी बसवून ते घरी आले. हा निर्णय आपलाच, असे चिरंजीव आल्यागेल्याला ऐकवतात. सिस्टरबाई ते खोडून काढीत नाहीत. आल्या की फक्त चिरंजीवांच्या खिशातले पेन मागून घेतात, आणि जाताना परत करीत नाहीत.