पडीक नव्हे, माळ

चाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. कपड्यांना चिकटलेली कुसळं निरखून तो खुलताबादच्या माळावर कुठं कुठं फिरला ते सांगायचे. पहिल्याच दिवशी माझ्या सलवारीकडे बघून म्हणाले, "म्याडम, तुम्ही वाट सोडून उताराला गेलता. तिथं कुसळी लई." मी वाट चुकले होते, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चाचा वनखात्यात मजुरी करून निवृत्त झालेले. आमच्या कार्यालयाकडे डोंगरमाथ्यांचे नकाशे करायचं काम आलं, तेव्हा ते वाटाडे म्हणून मिळाले. कुठं जंगल, कुठं शेती, कुठं पडीक, हे उपग्रहाच्या चित्रावरून ठरवायचं आणि जागेवर जाऊन ताडून पाहायचं, हे माझं काम. मी नवीन होते आणि संगणकावर माझा भारी विश्वास होता.

माळाचा अख्खा माथा मी पिवळा रंगवला होता. पिवळा म्हणजे पडीक. चाचांनी विचारलं, "फोटू कवा काढलाय?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात माझाबी काढा. मीबी पडीकच दिसंन."

मी हसले. ते हसले नाहीत. पडीक लिहिलं की झाडं लावायला खड्डे खणणारं यंत्र येतं, हे त्यांनी शेजारच्या टेकडीवर पाहिलं होतं. तिथलं गवत गेलं, जमिनीवर घरटी करणारे चंडोल गेले, आणि लावलेली रोपंही कातळावर जगली नाहीत. "झाडाला माझी ना नाय," ते म्हणाले, "पन हितं गवताचं घर हाय." मला माझ्या पिवळ्या रंगाची लाज वाटली.

रंग बदलायचा म्हणून मी कार्यालयातल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "यादीत गवताळ माळ असा वर्गच नाही. पडीकच टाका." साहेब वाईट नव्हते, पण यादीबाहेर पाऊल टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी चाचांना हे कळवलं, तर दुसऱ्या दिवशी ते एसटीने थेट कार्यालयात हजर! साहेबांच्या टेबलावर त्यांनी दोऱ्याने बांधलेल्या गवताच्या जुड्या मांडल्या. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी... कोणतं कुठल्या उतारावर उगवतं, कोणतं कोण खातं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "साहेब, रिकाम्या जागंवर एवढं सामान ऱ्हातं व्हय?" साहेबांनी यादीत एक ओळ वाढवली आणि मंजुरीसाठी वर पाठवली.

मंजुरी यायला बराच काळ गेला. तोवर चाचा गुडघ्यांपायी पाचोडला लेकीकडे राहायला गेले होते. छापील नकाशा घेऊन मी त्यांना भेटले, ती आमची शेवटची भेट. ते खाटेवर पडून होते, दिसायचंही कमी झालं होतं. मी नकाशाची गुंडाळी उघडू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"माळावर खड्डं पडलं का?"

"नाही चाचा. एकही नाही."

"मग नकाशा बराबर हाय," ते म्हणाले. "ठिवा गुंडाळून."