पाचव्या ताटलीतले बॅक्टेरिया

आमची बीएस्सीची बॅच हल्ली जमली की आधी चहा येतो, मग कोणाची तरी शुगर निघते आणि मग हमखास निघतं बॉटनीचं शेवटचं वर्ष! सत्तरच्या दशकातलं आमचं नागपूरचं कॉलेज. डिग्री ट्रंकेत पडून पिवळी झाली, किस्से मात्र दरवर्षी वाढतातच. त्यात थोडी भर आम्हीही घालतो, नाही असं नाही.

*

शेवटच्या प्रॅक्टिकलला बसायचं तर वाळवलेल्या झाडांची फाइल द्यावीच लागे. धंतोलीच्या वसंताला रानोमाळ हिंडायचा भारी कंटाळा. त्याच्या फाइलीत पहिल्याच पानावर कोथिंबीर! आमचे विभागप्रमुख देशकर सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "ही कुठे सापडली?"

"बर्डीच्या बाजारात, सर."

"कशी वाढत होती?"

"जुडीत, सर!"

*

कुमुदला मुळाचा पातळ काप काही केल्या जमेना. सर मायक्रोस्कोपमधून बघून वैतागले, "यात मीठ-तिखट घालून आण, जेवताना खाऊ!"

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच डब्यातून मुळ्याचे काप आणले. सरांनी ते खाल्ले आणि तिच्या जर्नलवर सही केली.

*

टूर निघाली पारशिवनीला, गुणवंतच्या गावी. हा आमचा शेतकऱ्याचा गुणी पोरगा प्रॅक्टिकलमध्ये दोनदा आपटलेला. कुही गावची मुलगी लग्नासाठी ठरली होती, पण तिच्या बापानं ठणकावलं होतं, "आधी पास व्हा जवाईबापू, मंग हळद! यंदा नाही जमलं तं दुसरा पोरगा पाहतो."

गुणवंतच्या आईनं आम्हाला वडाभात वर चरचरीत फोडणी ओतून असा वाढला, की टूर रिपोर्टात जंगलावर कोणी ओळसुद्धा लिहिली नाही. सर म्हणाले, "फोडणीचं वर्णन सगळ्यांचं उत्तम आहे!"

*

आणि मग ती परीक्षा. टेबलावर ओळीनं ताटल्या, घंटा वाजली की पुढच्या ताटलीकडे सरकायचं आणि काय दिसतं ते लिहायचं. गुणवंत सगळ्यांत पुढे. त्याच्या मागोमाग मी.

पाचव्या ताटलीशी मी पोचलो, तर ताटली रिकामी! आता काय लिहिता? डोळ्यांना न दिसणारं म्हणजे बॅक्टेरिया, असं ठरवून मी तेच ठोकून दिलं. मागच्या सगळ्यांनीही तेच केलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुणवंतला समोर उभं केलं. "सगळ्या वर्गाला बॅक्टेरिया दिसले. तुम्ही एकट्यानंच जवस लिहिलंत, आणि बरोबर लिहिलंत. मी चिमूटभर जवसच ठेवलं होतं. इतकी खात्री कशी?"

"चावून पाह्यलं ना, सर! घरी बियाणं असंच पाहतो आम्ही."

"सगळं खाल्लंत?"

"हो, सर. पण जुनं हाय. पेरायले घेऊ नका!"

परीक्षकांनी मार्कांची यादी पुढे ओढली. मग देशकर सरांना म्हणाले, "याला पास करा हो. पुढच्या वर्षी परत आला, तर तुमची लॅब शिल्लक राहणार नाही!"