न उजळलेला चेहरा

सुजाताच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या बॅनरवरच्या एका मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत होते. "ताई गेली," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि दुसरा डोळाही पूर्ण केला. डेंग्यूनं चार दिवसांत नेलं तिला... सहा आठवडे झाले, त्या "बरं"च्या पुढे मला अजून काही सुचलेलं नाही.

उल्हासनगरच्या एका फोटो स्टुडिओत आम्ही सात वर्षं शेजारी बसलो. ती अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायची, मी बदलापूरहून. कपड्यांच्या दुकानांच्या जाहिराती करायच्या, म्हणजे मुख्यतः मुलींना कॉम्प्युटरवर गोरं करायचं. सुजाताचा हात माझ्याहून सफाईदार. स्वतः चांगलीच सावळी. रविवारी बुद्धविहारातल्या बायकांच्या बैठकीत हुंड्यावर, मारझोडीवर तावातावानं बोलायची, आणि सोमवारी पुन्हा माऊस हातात.

मग दीपाली आली. बदलापूरच्या कात्रपची, कॉलेजात शिकणारी, पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली, पिवळ्या ड्रेसमध्ये. तयार बॅनर बघायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि सुजाताला म्हणाली, "ताई, ड्रेस मी घातलेलाच आहे. पण ही कोण?"

त्या दिवशी सुजातानं डबा उघडला नाही. दीपालीला विचारून तिनं आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो आपल्या ब्लॉगवर टाकले. खाली एवढंच लिहिलं, 'हे मी केलं.' आठवडाभरात कुठल्या कुठल्या मुलींनी तिला लिहिलं. कितीतरी जणींना आईनं कधी पिवळं घालूच दिलं नव्हतं. स्टुडिओचे शेठ मात्र भडकले, बॅनरवालं दुकान हातचं जाईल म्हणून. "पार्टी टूट जाएगी! फोटो निकालो!"

"निकालती हूँ, शेठ. पर अब किसी को गोरा नहीं करूँगी. निकालना है तो मुझे भी निकालो."

मी शेजारी मान खाली घालून काम करत राहिले. हे लिहायलाच हवं.

शेठनी तिला काढलं नाही, पासपोर्ट फोटोंवर बसवलं. वर्षभर तिनं तेच केलं. मग ते फोटो ब्लॉगवरून निघण्याआधीच पाहिलेल्या, बदलापुरात ड्रेसचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी दीपालीचाच बॅनर मागितला, ती आहे तशी. तो लागला, ड्रेसही खपले. पाठोपाठ दुसऱ्या दुकानाचं काम घेऊन शेठ खुशीत आले. "अभी सांवला चल रहा है. ये लड़की को थोड़ा डार्क करो."

सुजाता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," मला म्हणाली, "आहे तशी बाई अजूनही कुणाला नकोच आहे." तेही काम तिनं केलं नाही. या वेळी मीही केलं नाही.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले तेव्हा मी काढलेला तिचा एक फोटो पर्समध्ये होता, तिच्या आईला द्यायला. घरात बुद्धमूर्तीशेजारी तिचा मोठा फोटो आधीच मांडलेला होता, नाक्यावरच्या दुकानातून करून आणलेला. कपाळ, गाल, हात... सगळं गोरंपान. आईनं पदरानं काच पुसली.

"चांगला केलाय ना गं? मी म्हटलं त्यांना, पोरगी जरा उजळ दिसू दे. जन्मभर नावं ठेवली लोकांनी तिला."

मी "हो" म्हणाले.

मी नेलेला फोटो अजून पर्समध्येच आहे. किल्ली शोधताना हाताला लागतो. त्यात तिचे ओठ अर्धवट उघडे आहेत, मला काहीतरी सांगत होती. काय, ते आठवत नाही.