कूलर ऐकणारे भाऊ

"लिस्ट पर्समध्ये ठेवा ताई, आधी ऐकू द्या."

एक हात गेटवर, मान कललेली, डोळे मिटलेले. आमच्या लेआउटमधले कूलर दुरुस्त करणारे भाऊ कामाला असे सुरुवात करायचे.

मी या लेआउटच्या सोसायटीची सचिव. एप्रिल लागला की घरोघर विचारून यादी करते: कुणाच्या कूलरच्या बाजूच्या ताट्यांतलं गवत बदलायचं, कुणाची टाकी गळते. भाऊंना ती यादी नको असायची. "लोकं सांगते गवत बदला, अन् बिघडलेला राहते पंप." मग दुपारी दोनला, सगळे कूलर चालू असताना, ते मला रस्त्याने फिरवायचे. मी स्कार्फ बांधून. त्यांच्या डोक्याला दुपट्टा, कान मात्र उघडे.

"हा पंप कोरडा चालून राहिला. इथं पातं जाळीले घासते."

"आणि हा आवाज?"

"तो कूलर नाही जी. मालक घोरून राहिले."

कूलर ठीक असला की एकच शेरा: "एक नंबर."

तुम्हीही मे महिन्यातल्या दुपारी एकदा चालून बघा. रस्त्यावर माणूस नसतो, पण प्रत्येक घराचा आवाज वेगळा असतो. मला तो ओळखू यायला तीन उन्हाळे लागले.

म्हणूनच चौथ्या उन्हाळ्यात मी चपापले. कोपऱ्यावरच्या घरातला पंप कोरडा खरखरत होता. भाऊंनी डोळे मिटले, "एक नंबर" म्हणाले आणि पुढे निघाले. पुढच्या दोन घरीही तेच.

त्यांचं नाव होतं ते कानामुळे. ही गोष्ट फुटली असती, तर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच फिरले, ऐकलेलं सगळं घराप्रमाणे लिहून काढलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

भाऊंनी तो सावकाश वाचला. "काहून जी ताई, आज लिस्ट मोठी दिसते."

"ऊन फार आहे भाऊ. उगाच कशाला फिरायचं?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. त्यानंतरचे चार उन्हाळे ते यादी मागून घेत राहिले. कारण ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

आता ते काटोलला मुलीकडे असतात. परवा फोन आला. त्यांच्याशी हल्ली मोठ्याने बोलावं लागतं.

"लावला काय कूलर? ऐकवा बरं."

मी फोन ताटीजवळ नेला आणि तेवढ्यात लाइट गेली. पातं दोन-चार गिरक्या घेऊन थांबलं. मी फोन तसाच धरून ठेवला. भाऊ बराच वेळ ऐकत होते.

"एक नंबर," ते म्हणाले. "पंप नवा टाकला वाटते?"

"हो भाऊ," मी ओरडून सांगितलं. "तुम्ही म्हणाला होता तोच."